उंच झाडावरून अँटेनाची दोरी: कोकणातल्या वाडीतली पद्धत

हौशी रेडिओचा परवाना मिळाला, संच घरात आला, की पहिला खरा प्रश्न अँटेनाच्या उंचीचा उभा राहतो. अर्धतरंग डायपोलची, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या आणि मध्यावर केबल जोडलेल्या तारेची, मीटरमधली लांबी काढण्यासाठी 143 ला मेगाहर्ट्झने भागायचे असते. त्या हिशेबाने 7.1 मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे 40 मीटर पट्ट्यासाठी, सुमारे 20 मीटर तार लागते. ही तार जमिनीपासून 10 मीटर उंचीवर ताणली, तर तिचा बराचसा जोर वरच्या दिशेने जातो आणि आयनावरणावरून परतून दिवसा महाराष्ट्रभर पसरतो. तीच तार 20 मीटर उंचीवर नेली, तर तिचा जोर क्षितिजाकडे झुकतो आणि दूरचे देश ऐकू येऊ लागतात. म्हणजे पुण्याशी, कोल्हापूरशी आणि मुंबईशी बोलण्यासाठी फार मोठी उंची लागत नाही. दूर जायचे असेल, तर मात्र उंचीला पर्याय नाही.

ही उंची कोकणात लोखंडी मनोऱ्याकडून न घेता झाडांकडून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. समुद्रकाठची खारी हवा लोखंडाला दोन-चार पावसाळ्यांत खाते. ताणाच्या तारा, त्यांचे नटबोल्ट आणि जमिनीतले आकडे सगळ्यांत आधी गंजतात आणि ते गंजले आहेत हे बहुधा वादळातच कळते. गावठाणाच्या वरच्या अंगाला जांभा लागतो. तिथे मनोऱ्याचा खड्डा खणणे हे पहारीचे आणि पैशाचे काम आहे. खाली पुळणीत खड्डा सहज होतो, पण वाळू आकडा धरून ठेवत नाही. उलट रायवळ आंब्याचे जुने झाड पन्नास-साठ पावसाळे त्याच जागी उभे असते आणि त्याची मुळे त्या जमिनीला ओळखून असतात. त्याच्या खांद्यावरून एक दोरी नीट गेली, की मनोऱ्याचे काम झाले. ती दोरी नीट कशी जावी, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे, कारण याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

आधी जागेचा विचार करावा. आमच्या गुहागरला समुद्राला समांतर असा मुख्य रस्ता आहे आणि प्रत्येक घरामागची वाडी अरुंद पट्टीसारखी पश्चिमेकडे पुळणीपर्यंत जाते. अशा वाडीत तार साहजिकच पूर्व-पश्चिम ताणली जाते. पुरेशा उंचीवरच्या डायपोलचा जोर तारेच्या काटकोनात, म्हणजे इथे उत्तर आणि दक्षिण या दिशांना, सर्वाधिक असतो. एकीकडे मुंबई आणि गुजरात, दुसरीकडे गोवा, कर्नाटकाचा किनारा आणि केरळ. वाडीची रुंदी कमी असल्याने तिरकी तार ताणायला जागा मिळत नाही, म्हणून झाडे निवडताना लांबीच्या दिशेनेच दोन झाडे पाहावीत आणि त्यांच्यात तारेच्या लांबीपेक्षा निदान 5-6 मीटर जास्त अंतर असेल असे बघावे. तारेचे टोक पालवीत घुसता कामा नये. ते झाडापासून मोकळे राहिले पाहिजे आणि उरलेले अंतर दोरीने भरून काढले पाहिजे. दोन योग्य झाडे नसतील, तर एकाच उंच झाडावरून तारेचा मध्य वर न्यावा आणि दोन्ही टोके उतरती ठेवावीत. अशा वेळी टोके माणसाचा हात पोहोचणार नाही इतकी, म्हणजे 3 मीटरच्या वर, बांधावीत, कारण डायपोलच्या टोकाला 100 वॉटच्या संचावरही शेकडो व्होल्टचा दाब असतो.

झाडांत माझी पहिली पसंती रायवळ आंब्याला आहे. त्याची फांदी जाड, साल खरबरीत आणि दुबेळकी, म्हणजे फांद्या फुटतात त्या बेचक्या, रुंद असतात, आणि वीस मीटरच्या आसपासची झाडे जुन्या वाड्यांत अजूनही भेटतात. कलमी हापूस मात्र पसरट आणि बुटका असतो. त्याच्या वरच्या फांद्यांपर्यंत झेल्याचा, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीचा, बांबूही पोहोचतो, त्यामुळे तिथे दोरी फेकण्याची गरजच नसते, बांबूच्या टोकाने ती अलगद ठेवता येते. फणस भक्कम असतो, पण त्याचा माथा दाट असल्याने वजन खाली उतरायला त्रास होतो. पुळणीवरच्या उंडीची झाडे वाऱ्याला सरावलेली असतात आणि त्यांचा उपयोग चांगला होतो. सुरू उंचीने मोह घालतो, पण त्याच्या फांद्या बारीक आणि ठिसूळ असतात, दोरी धरून ठेवील असे दुबेळके त्याला क्वचितच असते, आणि किनाऱ्यावरची सुरूची बने बहुतेक सरकारी जमिनीवर आहेत; तिथे परवानगीशिवाय काही बांधू नये. पोफळ या कामाची नाही. तिचे खोड मनगटापेक्षा थोडेच जाड असते आणि वाऱ्यात तिचा शेंडा इतका झुलतो की तार टिकत नाही. माडाचा विषय वेगळा आणि मोठा आहे, तो पुढे घेतो.

देवरहाटीतले झाड कितीही उंच असले, तरी ते सोडून द्यावे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जिथे काटकीही उचलली नाही, तिथे आपण दोरी टाकू नये. झाडावर पक्ष्यांची मोठी घरटी आहेत का, हेही दुर्बिणीने पाहावे. आपल्या किनाऱ्यावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, उंच आंब्यांवर आणि सुरूंवर घरटे करतो आणि थंडीच्या महिन्यांत त्याची वीण चालू असते. हा पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरट्यावर असताना झाडाखाली वावरणेही टाळले पाहिजे.

परवानगी हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. वाडी बहुधा सामाईक असते, एक भाऊ गावात आणि दोन मुंबईत असतात, आणि आंब्याची झाडे हंगामापुरती कराराने दिलेली असतात. झाड ज्याच्या हिश्श्याचे आहे त्याला विचारावेच, पण मोहोर आल्यापासून आंबे उतरेपर्यंत कराराने घेणाऱ्यालाही विचारावे, कारण त्या काळात फांदी हलली तर नुकसान त्याचे होते. माझ्या मते हे काम पाऊस संपल्यावर आणि मोहोर येण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर, उरकावे.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या वाड्यांमधून महावितरणच्या तारा झाडांना घासत गेलेल्या असतात. कुठे घरगुती दाबाच्या, कुठे 11 हजार व्होल्टच्या. फेकलेले वजन कुठल्याही दिशेला भरकटले, अँटेनाची तार तुटून उडाली किंवा झाडच आडवे झाले, तरी वीजवाहक तारेपर्यंत काहीही पोहोचणार नाही, एवढे अंतर हवे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळे असल्याशिवाय मी त्या झाडाचा विचारही करीत नाही. दोरी कोरडी असली की वीज वाहत नाही, असे समजणे घातक आहे. दवाने ओली झालेली किंवा मीठ चढलेली दोरी वीज वाहू शकते. याबाबतीत थोडे चालेल असे काही नसते.

आता प्रत्यक्ष दोरीकडे येऊ. जाड दोर थेट झाडावरून फेकता येत नाही, म्हणून आधी अगदी बारीक धागा वर जातो, त्याच्या मागून मध्यम दोरी आणि तिच्या मागून कायमचा दोर. पहिल्या धाग्यासाठी कोळ्यांचा तंगूस, म्हणजे मासेमारीचा एकेरी नायलॉन धागा, सर्वोत्तम आहे आणि तो कुठल्याही बंदराच्या बाजारात मिळतो. 0.4 मिलिमीटर जाडीचा तंगूस साधारण 8 ते 10 किलो ताण सोसतो आणि त्याचे वजन मीटरला 0.14 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 20 मीटरला 3 ग्रॅमही नाही. हे वजन इतके का मोजायचे, तर वजनाचा गोळा फांदीपलीकडे गेल्यावर त्याला नुसत्या स्वतःच्या भाराने जमिनीपर्यंत उतरायचे असते आणि अलीकडच्या बाजूला लोंबणारा सगळा धागा वर ओढून घ्यायचा असतो. त्यात फांदीचे घर्षण आड येते. घर्षणांक 0.3 धरला, तर फांदीवरून अर्धा वेढा घेणाऱ्या धाग्यासाठी उतरणाऱ्या बाजूचा ताण चढणाऱ्या बाजूच्या सुमारे अडीचपट लागतो. तंगुसासाठी हा हिशेब 7-8 ग्रॅमवर येतो, म्हणून 40 ग्रॅमचा गोळा पाने बाजूला सारत आरामात खाली येतो. त्याच जागी 2 मिलिमीटरची नायलॉन दोरी लावली, तर 20 मीटरला तिचेच वजन 50 ग्रॅमच्या घरात जाते, अडीचपटीने सव्वाशे ग्रॅम लागतात, आणि मग 40 ग्रॅमचा गोळा वरच लटकून राहतो. अनेकजण इथेच अडतात आणि दोष नेमाला देतात. वास्तविक दोष दोरीच्या जाडीत असतो. धागा जितक्या फांद्यांवरून वळेल, तितके हे प्रमाण गुणाकाराने वाढते. धाग्याने एखाद्या फांदीभोवती पूर्ण वेढा जास्तीचा घेतला, तर ते अडीचपटीवरून सतरापटीच्या आसपास जाते आणि ती फेक सोडून देऊन पुन्हा सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

गोळा गुळगुळीत, लांबट आणि कडा नसलेला असावा. लोखंडी नट हाताशी असतो, म्हणून तो वापरण्याकडे ओढा असतो, पण त्याच्या कडा प्रत्येक दुबेळक्यात अडकतात. गरीचे शिसे आकाराने उत्तम असते. मात्र शिसे झाडावर किंवा विहिरीजवळ हरवणे बरे नव्हे, म्हणून मी गोल टोकाचा पोलादी तुकडा पसंत करतो आणि त्यावर भडक रंगाची चिकटपट्टी गुंडाळतो, म्हणजे तो पानांतून दिसतो आणि गवतात सापडतो.

हाताने खालून झोका देऊन फेकलेले वजन साधारण 10-12 मीटर उंच जाते. बुटक्या झाडाला तेवढे पुरते. पाखरे राखायची गोफण फेकीला जोरदार असते, पण सरळ वर नेमाने मारण्यासाठी ती बनलेलीच नाही, आणि धागा बांधलेले वजन गोफणीत फिरवणे धोक्याचे आहे. 20 मीटर उंची गाठण्यासाठी गोळा हातातून सुटताना सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर, वेग हवा; धाग्याचा ओढा धरून प्रत्यक्षात त्याहून अधिकच. हा वेग चांगल्या गलोलीतून मिळतो. मनगटाला टेकणारी धातूची गलोल, तिच्या दांड्याला बसवलेले गळाचे रीळ आणि रिळातून मोकळा सुटणारा तंगूस ही जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. रीळ नसेल, तर धागा स्वच्छ चादरीवर नागमोडी पसरावा. गवतावर किंवा पाचोळ्यावर तो पसरू नये, कारण एका काडीत अडकला तरी गोळा हवेतच झटका खाऊन उलटा येतो. धनुष्यबाणानेही हे काम करतात, पण भरवस्तीत ते मला मान्य नाही. ड्रोनने धागा वर टाकता येतो, मात्र तो बहुधा झाडाच्या अगदी माथ्यावरच्या बारीक डहाळ्यांवर पडतो, आपल्याला हव्या त्या दुबेळक्यात नाही, आणि धागा पात्यात गुंतण्याची भीती राहते. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार तिथले आकाश प्रतिबंधित क्षेत्रात येत नाही ना, हे आधी तपासावे लागते.

वेळ सकाळची निवडावी. रात्रभर वाहणारे मतलई वारे सूर्योदयानंतर मंदावतात आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्याआधी काही काळ हवा जवळजवळ स्थिर असते. बारीक धाग्याला वाऱ्याची झुळूकही दोन-तीन मीटर बाजूला नेते, त्यामुळे हा काळ वाया घालवू नये. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. झाडाच्या बुंध्यापासून इतके दूर उभे राहावे की गोळा हव्या त्या फांदीवरून कमानीच्या माथ्यावर जाईल आणि पलीकडे मोकळ्या जागेत उतरेल. अगदी बुंध्याशी उभे राहून सरळ वर मारले, तर गोळा आपल्याच डोक्यावर परत येतो. पलीकडच्या बाजूला कोणी माणूस, गुरे किंवा कौलारू पडवी नसावी. डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला शिरस्त्राण मी नेहमी घालतो, आणि मदतीला आलेल्या मुलांना माझ्या मागे, दूर उभे करतो.

कुठले दुबेळके निवडायचे, यावर माझे मत असे आहे की सर्वांत वरचे कधीच निवडू नये. झाडाच्या उंचीच्या तीन चतुर्थांशावर, मुख्य खोडापासून फार दूर नसलेली, मनगटाहून जाड अशी जिवंत फांदी असावी. त्यावरच्या डहाळ्या वाऱ्यात झुलतात, ही फांदी मात्र बरीच स्थिर असते. दोन-तीन मीटर उंची गमावली, तरी दोरीचे आयुष्य कितीतरी वाढते.

गोळा अडकला, तर धागा हिसकू नये. ताणलेला तंगूस रबरासारखा परततो आणि गोळा थेट तोंडावर येतो. आधी धागा ढिला सोडून हलके झटके द्यावेत. त्याने बहुतेक वेळा गोळा सुटतो. नाहीच सुटला, तर धागा काठीला गुंडाळून, झाडाआड उभे राहून, तोंड फिरवून सावकाश ओढावा. तुटलेला तंगूस झाडात राहू देऊ नये, असा माझा आग्रह आहे. वटवाघळे आणि पक्षी त्यात गुंततात आणि तडफडून मरतात. वरचा तुकडा हाताने निघत नसेल, तर झाडावर चढणाऱ्या माणसाला पैसे देऊन तो काढवून घ्यावा.

गोळा खाली आला, की तो सोडून त्याच टोकाला मध्यम दोरी बांधावी आणि तंगूस मागे ओढून घ्यावा. गवंड्याची नायलॉनची दोरी या टप्प्याला चांगली असते. इथे गाठीकडे लक्ष द्यावे लागते, कारण बारीक धागा आणि जाड दोरी यांचा सांधा पायरीसारखा राहिला, तर तो पहिल्याच दुबेळक्यात अडतो. दोरीचे टोक निमुळते कापून, गाठीवर चिकटपट्टी पुढून मागे अशी गुंडाळावी, म्हणजे सांधा फांदीवरून घसरत जातो. ओढताना एकाने ओढावे आणि दुसऱ्याने मागची दोरी हाताने सोडत राहावे. मध्यम दोरीच्या मागून कायमचा दोर याच रीतीने जातो.

कायमचा दोर कोणता असावा, यावर बंदरात आणि बाजारात वेगवेगळे सल्ले मिळतात. नायलॉन मजबूत असते, पण ते ताणते आणि भिजले की अधिकच सैल पडते, त्यामुळे जुलैत तार खाली लोंबते. हिरवा-निळा पॉलिप्रोपिलीनचा दोर स्वस्त आणि हलका असतो, पण उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात आणि हात लावताच चुरा पडू लागतो. काथ्याचा सुंभ पावसात कुजतो. 5 मिलिमीटरचा, वेणीचा, काळा पॉलिएस्टर दोर यांत सर्वांत चांगला: तो फारसा ताणत नाही, ऊन सोसतो आणि झाडात दिसतही नाही. तो महाग असतो, पण उंचावर पुन्हा दोरी टाकण्याचे श्रम धरले, तर तीच खरी काटकसर आहे.

या दोराला अँटेना थेट बांधू नये. दोराच्या टोकाला स्टेनलेस पोलादाची किंवा चांगल्या प्लास्टिकची कप्पी बांधावी, त्या कप्पीतून दुसरी दोरी दुहेरी ओवावी आणि तिची दोन्ही टोके जमिनीवर असतानाच कप्पी वर चढवून दोर बुंध्याला बांधावा. यापुढे अँटेना वर-खाली करणे म्हणजे ध्वजस्तंभावर ध्वज चढवण्यासारखे असते. फांदीवरचा दोर फारसा हलत किंवा घासत नाही, फक्त कप्पीतली दोरी चालते. ही दोरी वर्तुळासारखी जोडून ठेवावी, म्हणजे तार तुटली तरी दोरीचे टोक वर पळून जात नाही. दोन्ही बाजूंना झाडे असतील, तर एका बाजूला दोरी पक्की बांधावी आणि दुसऱ्या बाजूला तिच्या खाली येणाऱ्या भागाला वजन टांगावे. 5 लिटरचा पाण्याने भरलेला कॅन 5 किलोचा ताण देतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला तो झेपतो, आणि झाडे झुलली की कॅन वर-खाली होतो, तार तुटत नाही. त्याला वर-खाली होण्यासाठी दीड मीटर मोकळी जागा ठेवावी आणि तो मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर नसावा. मध्यावरून उतरणाऱ्या केबलचे वजनही विचारात घ्यावे. जाड आरजी-213 पेक्षा आरजी-58 कितीतरी हलकी असते, आणि 7 मेगाहर्ट्झवर, 20-25 मीटर लांबीला, तिच्यातला संकेताचा क्षय सोसण्याजोगा असतो.

माडाचे शास्त्र निराळे आहे. किनाऱ्यावर उंची माडाकडेच असते, त्यामुळे गलोल घेतलेला प्रत्येक माणूस आधी माडाच्या शेंड्याकडे बघतो. पण माडाला फांद्या नाहीत. शेंड्यावरून टाकलेला धागा एखाद्या झावळाच्या देठात बसतो, आणि माड वर्षाला साधारण 12 झावळे टाकतो, म्हणजे महिन्याला एक. आज आतल्या बाजूला असलेला झावळ हळूहळू बाहेर, खाली येत जातो आणि एके दिवशी आपल्या दोरीसह जमिनीवर पडतो. त्याआधी पोय, नारळ आणि जाळीदार पिसोळे यांच्यात दोरी इतकी गुंतते की ती सोडवणे अवघड होते. म्हणून माडावर दोरी फेकू नये, माणसाकरवी बांधून घ्यावी. नारळ काढायला येणारे काका आमच्या वाडीत दीड-दोन महिन्यांनी येतातच. त्याच चढाईत कप्पी बांधून घेता येते. त्यांनी आम्हाला सांगितलेला नियम असा की दोरी शेंड्याच्या खाली हातभर अंतरावर, खोडाभोवती, सैल वेढ्याने बांधावी, आणि चढताना पाय किंवा दोरखंड जिथे टेकतो त्या बाजूला गाठ येऊ देऊ नये. हा नियम पाळला नाही, तर पुढच्या वेळी चढणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. चढणाऱ्याला कामाचे वेगळे पैसे द्यावेत आणि दोरी कुठे आहे हे प्रत्येक पाडपाआधी सांगावे.

आंब्याच्या फांदीला घट्ट बांधलेला दोर काही वर्षांत सालीत रुततो, कारण फांदी जाड होत जाते. म्हणून तिथे दोर नुसता टाकलेला असावा, आवळलेला नसावा. माडाचे खोड एकदा तयार झाले की जाड होत नाही, त्यामुळे दोर रुतण्याची भीती तिथे नसते. पण माडाला झालेली जखम भरूनही येत नाही. खोडात ठोकलेला खिळा किंवा हूक कायमचे भोक ठेवतो, आणि अशा जखमांमधून सोंड्या भुंग्याला आत शिरण्याची वाट मिळते. त्या किडीने आतून पोखरलेला माड वाचवणे फार कठीण असते. एका अँटेनासाठी वर्षानुवर्षे फळ देणारा माड धोक्यात घालणे मला पटत नाही, म्हणून माडाला खिळा कधीही मारू नये.

तार चढल्यावर तिची टोके मोकळ्या हवेत आहेत ना, हे दुर्बिणीने पाहावे. ओल्या पानांना टेकलेले टोक अँटेनाची वारंवारता खाली ओढते. टोकांच्या विसंवाहकांवर मिठाचा थर बसतो. पाऊस तो धुतो, पण जानेवारी ते मेमध्ये तो वाढत जातो, म्हणून अधूनमधून तार उतरवून ते ओल्या फडक्याने पुसावेत. कप्पीची सोय असल्यावर हे दहा मिनिटांचे काम असते. वीज कडाडू लागली, की केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी; मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधली परतीच्या पावसाची वादळे यांत तर ती आधीच सोडवलेली असावी, कारण उंच माडावर वीज पडणे कोकणात नवीन नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावांत वीज व मोबाइल दोन्ही बंद पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले. अशा वेळी बॅटरीवर चालणारा संच आणि 10 मीटर उंचीवरची तार असेल, तर गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्या-मुंबईच्या हौशी रेडिओ केंद्रांपर्यंत निरोप जाऊ शकतो. त्यासाठी वादळ येण्याआधी तार उतरवून ठेवावी लागते. इशारा मिळताच तार, केबल आणि वजनाचा कॅन खाली घ्यावा, झाडावर फक्त कप्पी आणि दोरीचे वर्तुळ ठेवावे. वाऱ्याला त्यात धरण्यासारखे काही राहत नाही. वादळ ओसरल्यावर, झाड उभे असेल, तर गलोलीची गरजच पडत नाही, तार काही मिनिटांत पुन्हा वर जाते. झाड पडले असेल, तर गुंडाळून ठेवलेली तार दुसऱ्या झाडावर नेता येते. यासाठी तंगुसाचे रीळ, गोळा आणि मध्यम दोरीची गुंडी घरात एका डब्यात कोरडी ठेवलेली असावी.

दरवर्षी मेअखेरीस कप्पीतली दोरी पूर्ण फिरवून बोटांनी चाचपावी आणि फांदीवर घासणारा दोर हातभर पुढे सरकवावा, म्हणजे घासणारी जागा बदलते. दोरावर लव सुटलेली दिसली, की तो त्याच वर्षी बदलावा. जुना दोर आधी काढून टाकू नये. त्याच्या टोकाला नवा दोर निमुळत्या सांध्याने जोडावा आणि जुन्यानेच नवा वर ओढून घ्यावा.